‘देव झेपेल तेवढंच देतो’ असं बायबल म्हणतं का?

प्रश्न: आईला चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जवळपास बंद झालं. ती माझ्याकडे असते. मोठी ताई परगावी असते आणि रोज सकाळी घरच्या ग्रुपवर एक संदेश टाकते: ‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’, ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’, नाहीतर यिर्मया २९:११. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, ‘तुझा विश्वास कमी पडतोय, म्हणून आई उठत नाही. त्या व्यायामावर पैसे घालवण्यापेक्षा उपास धर.’ त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद आहे. भाऊजी समजूत काढतात की जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातला, देव रागीट होता, आता तो फक्त प्रेम करतो. माझा सात वर्षांचा मुलगा विचारतो, आजी मेली की देवदूत होणार का? लहानपणापासून उपासनेला जातेय, पण आता कळेनासं झालंय, बायबलमधला देव तो हाच का? आणि ताईशी बोलू तरी काय?
(नाव न छापण्याची विनंती)

प्रिय भगिनी,

व्यायाम बंद करू नका. बाकी सगळं त्यानंतर. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने हातापायांना आणि वाचेला पुन्हा वळण लावण्यासाठी फार मोलाचे असतात. आणि उपचार घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं बायबल कुठेही म्हणत नाही. येशूचा संदेश गावोगावी नेणारा प्रेषित पौल, त्याचा तरुण सहकारी तीमथ्य. या तीमथ्याचं पोट बिघडायचं, वरचेवर आजारी पडायचा. पौल त्याला पत्रात लिहितो की नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे. विश्वास वाढव असं लिहीत नाही. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा करतो.

पौलाचा विषय निघालाच आहे तर तिथेच थोडं थांबू. ताईंच्या फोनवरच्या वाक्याला उत्तर द्यायला त्याच्याहून चांगला साक्षीदार मला सापडत नाही. मिलिता बेटावर पुब्ल्य या तिथल्या प्रमुखाचे वडील तापानं आणि अतिसारानं पडले होते, पौलानं प्रार्थना करून हात ठेवले आणि ते बरे झाले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातली ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्याच पौलाच्या पत्रांमधली छोटी छोटी वाक्यं मात्र कुणी वाचून दाखवत नाही. ‘त्रफिम आजारी असल्यामुळे मी त्याला मिलेतात ठेवून आलो,’ असं तो आपल्या या सोबत्याविषयी तीमथ्याला कळवतो. बस, एवढंच. कुणाचा विश्वास कमी पडला याची चौकशी नाही, आजाऱ्याला दोष नाही. एपफ्रदीत हा त्याचा सहकारी मरता मरता वाचला, आणि देवानं त्याच्यावर दया केली असं पौल फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला लिहितो. दया म्हणतो, मजुरी म्हणत नाही. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्यानं तीन वेळा विनवणी केली. उत्तर मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच, आणि काटा तसाच राहिला. तेव्हा विश्वास असला की माणूस उठतोच हे गणित ताईंचं असेल, पौलाचं नव्हतं.

ताई यावर गप्प बसणार नाहीत, हेही मला माहीत आहे. त्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढतील: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. काढू द्या, आणि मग त्याच्या आधीची ओळही वाचायला सांगा. कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असं तिथे आहे. म्हणजे काम बाकीच्यांकडे आहे. अंथरुणावरच्या माणसाकडे किंवा त्याची सेवा करून थकलेल्या मुलीकडे विश्वासाचं प्रमाणपत्र मागितलेलं नाही. नासरेथात, येशूच्या स्वतःच्या गावात, लोकांच्या अविश्वासामुळे येशूनं फारसे चमत्कार केले नाहीत, हा दाखलाही त्या देतील आणि तो खरा आहे. पण नासरेथकरांनी त्याला तुच्छ लेखलं होतं. सुताराचा मुलगा हा, आम्हाला काय शिकवतो, अशी त्यांची भाषा होती. याउलट मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप बघा. मुलाला झटके येताहेत आणि हा रडकुंडीला येऊन म्हणतोय की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. येशूनं त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा त्याच दिवशी बरा झाला.

आता ते सकाळचे संदेश.

‘झेपेल तेवढंच देतो’ हे वाक्य बायबलात नाही. त्याच्या जवळ जाणारी ओळ करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, १०:१३. पण ती पापाच्या मोहाबद्दल आहे. मूर्तिपूजा आणि व्यभिचार यांच्याविषयी बोलता बोलता पौल सांगतो की शक्तीपलीकडचा मोह देव तुमच्यावर येऊ देणार नाही, सुटकेची वाटही ठेवील. आजारपण, मृत्यू, अपघात, कर्ज यांच्याबद्दल तिथे एक अक्षर नाही. गंमत अशी की त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच तो कबूल करतो की आशिया या रोमी प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नव्हती. झेपलं नाही, असं खुद्द पौल सांगतोय! आणि ते का झालं हेही सांगतो: आम्ही स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. रात्री तीन वाजता आईची कूस बदलताना तुम्हाला हे झेपत नाही असं वाटत असेल, तर त्यात तुमची आध्यात्मिक कमतरता नाही. ते खरोखरच झेपण्यासारखं नाही.

‘जो स्वतःला मदत करतो...’ हे तर बायबलाच्या आसपासही नाही. चिखलात रुतलेल्या गाडीची आणि नुसता देवाचा धावा करणाऱ्या गाडीवानाची गोष्ट इसापनीतीत आहे, तिचं तात्पर्य साधारण हेच. पुढे इंग्रजीत ही म्हण रुळली, बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ च्या आपल्या वार्षिक पंचांगात ती छापली, आणि आता पुष्कळ लोक ती बायबलातली म्हणूनच ऐकवतात. आळशी माणसाला सुनवायला ठीक आहे. पण शुभवर्तमानाची सुरुवातच उलट्या टोकाला होते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो की आपण दुर्बळ होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. ज्यांना स्वतःला मदत करता येत नव्हती त्यांच्यासाठी. तुमची आई आज स्वतःचा घास स्वतः घेऊ शकत नाही. त्या म्हणीप्रमाणे तिच्या वाट्याला कुठला देव येणार, हा प्रश्न ताईंनी स्वतःला एकदा विचारावा.

यिर्मया २९:११ ची गोष्ट वेगळी आहे. ती ओळ खरीच बायबलातली आहे, आणि तिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण खऱ्या ओळीची झालेली दशा खोट्या ओळीपेक्षा वाईट असते. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’ हे वाक्य फुलांच्या चित्रावर छापलेलं तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. मुळात ते एका पत्रातलं आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमचा राजा, दरबारी, कारागीर, लोहार असे लोक पकडून बाबेलला नेले. त्यांना यिर्मया या संदेष्ट्यानं यरुशलेमहून पत्र धाडलं. त्यात काय लिहिलंय? घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांचं फळ खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला बंदी करून नेलं त्याच शहराचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. आणि अकराव्या ओळीच्या अगदी आधी, दहाव्या ओळीत, मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांनी परतीचा रस्ता पाहिलाच नसणार.

त्याच्या मागचा अठ्ठाविसावा अध्याय वाचलात तर आणखी मजा आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत येईल, राजा, बंदिवान, मंदिराची भांडी, सगळं. यिर्मयाच्या मानेवर लाकडाचं जू असतं, ते तो काढून मोडून टाकतो. टाळ्या त्यालाच पडल्या असतील असं मला वाटतं. देवाचा निरोप मात्र हनन्याकडे नव्हता, आणि त्याच वर्षी सातव्या महिन्यात तो मेला. दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगणारा खोटा ठरला, सत्तर वर्षं सांगणारा खरा. ताई अकरावी ओळ पाठवतात, पण ती त्यांनी हनन्याच्या आवाजात वाचलेली असते. त्या ओळीत आशा नाही असं मी म्हणत नाही. भरपूर आहे. फक्त ती वाट पाहायला लावणारी आशा आहे, आणि मधल्या काळात बाग लावायला सांगणारी.

हे सगळे संदेश एकाच साच्यातून येतात, आणि तो साचा तुमच्या ताईंनी घडवलेला नाही. ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा लुंडक्विस्ट डेंटन या समाजशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या तीन हजारांवर किशोरवयीन मुलांच्या पाहणीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या अनेक मुलांच्या मनातला देव साधारण असा निघाला: त्यानं जग केलं, तो वरून लक्ष ठेवतो, माणसांनी चांगलं वागावं एवढी त्याची अपेक्षा, आयुष्याचं ध्येय म्हणजे सुखी असणं आणि स्वतःविषयी बरं वाटणं, अडचण आली की त्याला बोलवायचं, एरवी नाही, आणि चांगली माणसं मेल्यावर स्वर्गात जातात. यात वाईट असं काय, असं कुणालाही वाटेल. पण यात पाप नाही, क्रूस नाही, पश्चात्ताप नाही, पुनरुत्थान नाही. देव गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी उघडलेल्या दुकानासारखा झालेला आहे. आणि दुकानात माल मिळाला नाही की दोनच शक्यता उरतात, एक तर दुकान बंद आहे किंवा तुमचे पैसे कमी पडले. तुम्ही पहिल्या शक्यतेपाशी पोचला आहात आणि ताई दुसरीपाशी. भांडण दोघींचं असलं तरी देव एकच, आणि तो यिर्मयाचा किंवा पौलाचा नाही.

कर्माच्या हिशेबाची जी समजूत आपल्या सगळ्यांच्या बोलण्यात सहज असते, तीही याच घरातली. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असंही तो सांगतो. लगेच पुढे म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. दुसऱ्याच्या संकटावरून त्याचा हिशेब मांडायचा नाही, आपला स्वतःचा मांडायचा. हे दुसरं वाक्य आजच्या गोडगोड देवाला मुळीच मानवत नाही.

तेच भाऊजींचंही झालंय. रागीट जुना देव आणि प्रेमळ नवा देव ही वाटणी मार्कियन नावाच्या माणसानं दुसऱ्या शतकातच करून पाहिली. साधारण १४४ साली रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. देव दयाळू, कृपाळू, मंदक्रोध आहे हे ‘निर्गम’ या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात आहे, जुन्या करारात. आणि नरकाविषयीचे सर्वांत कडक इशारे बायबलात येशूच्याच तोंडी आहेत. भाऊजींचा हेतू चांगला आहे, त्यांच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका.

प्रार्थना बंद झाली आहे त्याबद्दल. तुम्हाला राग आलाय आणि रागावून प्रार्थना करता येत नाही असं कुणीतरी शिकवलेलं दिसतं. बायबलातलं ईयोबाचं पुस्तक काढा. हा चांगला माणूस, पण मुलंबाळं, मालमत्ता, आरोग्य सगळं गमावून बसलेला. बेचाळीस अध्यायांपैकी बरेचसे तो देवाशी भांडण्यात घालवतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवानं समोर यावं आणि जाब द्यावा म्हणतो. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोवर उत्तम चाललं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि अगदी धार्मिक, नेटकी वाक्यं बोलायला लागले: देव न्यायी आहे, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव अलीफजाला काय म्हणतो? माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. नेटकं बोलणाऱ्यांवर देव रागावला, भांडणाऱ्यावर नाही. स्तोत्रसंहितेतही तक्रारीच्या स्तोत्रांचा मोठा वाटा आहे. तेरावं स्तोत्र ‘किती काळ?’ असं विचारत सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते उपासनेत म्हणायच्या स्तोत्रांमध्ये ठेवलेलं आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर हे म्हणा. मोठ्यानं म्हणा, आईजवळ बसून. आईला पाठ असलेली जुनी गीतंही गाऊन बघा. वाचा गेलेल्या पुष्कळ रुग्णांना बोलता येत नाही, पण ओळखीच्या गाण्याचे शब्द येतात. तिच्या वाचाउपचार करणाऱ्यांना त्याविषयी जरूर विचारा.

मुलाचा प्रश्न सोपा आहे, त्याला सरळ उत्तर द्या: नाही, आजी देवदूत होणार नाही. देवदूत हे देवानं वेगळे निर्माण केलेले सेवक आहेत, इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तसंच लिहिलंय. पंखवाली गुबगुबीत बाळं चित्रकारांनी आणली. राफाएलच्या ‘सिस्टाइन मॅडोना’ या १५१२ च्या सुमाराच्या चित्रात तळाशी हनुवटीला हात लावून बसलेली दोघं तुम्ही भेटकार्डांवर पाहिलीच असतील. यहेज्केल या संदेष्ट्यानं पाहिलेल्या करुबांना, म्हणजे स्वर्गातल्या प्राण्यांना, चार तोंडं होती, माणसाचं, सिंहाचं, बैलाचं आणि गरुडाचं, आणि बायबलात देवदूत समोर आला की पुष्कळदा त्याला ‘भिऊ नको’ म्हणावं लागतं! सात वर्षांच्या मुलाला हे ऐकायला आवडेल. मग त्याला सांगा की येशू मेलेल्यांतून उठला तेव्हा शिष्यांना तो भूत वाटला, म्हणून त्यानं त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाऊन दाखवला. ख्रिस्ती आशा शरीर सोडून उडून जाण्याची नाही, शरीर पुन्हा उठण्याची आहे. आजीचा उजवा हात त्या आशेत धरलेला आहे. लूक २४ आणि करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय, आधी तुम्ही वाचा, मग त्याला गोष्ट म्हणून सांगा.

राहिल्या ताई. वर लिहिलेलं सगळं कापून ग्रुपवर टाकू नका, हात जोडून सांगते. मग तुम्हीही ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत बसाल, फक्त वचनं जास्त बिनचूक असतील. माझा अंदाज असा की परगावी बसून आईसाठी काहीच करता येत नाही, याची त्यांना भीती आणि टोचणी दोन्ही आहेत, आणि सकाळचा संदेश ही त्यांची सेवा आहे. लाजराच्या मरणानंतर मार्था आणि मरीया या दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी येशूकडे आल्या आणि दोघींनी अगदी एकच वाक्य म्हटलं: प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. एकीशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलला, दुसरीला रडताना पाहून स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजराला उठवणार होता, तरी रडला. विश्वास असेल तर रडायचं कशाला, असं त्यानं कुणाला म्हटलं नाही.

ग्रुपवर नको, फोन करा. एक वाक्य ठाम सांगा: ‘ताई, माझ्या विश्वासाचं माप आईच्या हातावरून काढू नकोस, मला फार लागतं.’ स्पष्टीकरण देऊ नका, वचनांवर जाऊ नका, त्या गेल्या तर ‘तू आलीस की बसून वाचू’ म्हणा. आणि मग काम मागा. आठ दिवस येऊन राहा, रात्रीची पाळी तू घे, मला झोप हवी आहे. व्यायामाच्या पैशांचा निम्मा भार उचलता येईल का, तेही विचारा, संकोच करू नका. शक्य आहे की त्या नाही म्हणतील. शक्य आहे की येतील आणि पहिल्याच रात्री काय असतं ते त्यांना कळेल. उपास त्यांना करायचाच असेल तर खुशाल करू द्या, पण तुमच्यावर लादला तर नाही म्हणा. रात्रीचं जागरण करणाऱ्याला पोटात अन्न लागतं.

त्या येतील त्या आठवड्यात पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना घरी बोलवा. याकोबाच्या पत्रात लिहिलंय ते त्यांना करू द्या, तेल लावून प्रार्थना. आई बरी व्हावी असं मोकळेपणानं मागा, मागायला कुणी मना केलेलं नाही. तारीख मात्र व्यायामाची वेळ सोडून ठरवा.